मर्ढेकरांची शब्दघडण : चरित्राच्या अनुषंगाने एक विचार

१. विषयप्रवेश

उल्हास नदीकाठच्या बदलापूर गावाच्या नावाविषयी एक लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. कोकण आणि घाट यांना जोडणाऱ्या वाटेवर या ठिकाणी घोडे बदलले जात आणि त्यावरून गावाला हे नाव मिळाले, अशी ती व्युत्पत्ती आहे. ती ग्राह्य धरल्यास या ग्रामनामाची घडण लक्षणीय ठरते. त्यातील ‘बदल’ हा शब्द मुळात अरबी, तर ‘पूर’ हे पद संस्कृत परंपरेतील. दोन भिन्न कुळांतील पदांचा समास लोकांनी सहज केला आणि तो शतकानुशतके उच्चारला. मराठीत अशी उदाहरणे विपुल आहेत. ‘जिल्हाधिकारी’ या शब्दात अरबी ‘जिल्हा’ आणि संस्कृत ‘अधिकारी’ यांचा नुसता समास नाही, तर संस्कृत नियमानुसार संधीही झालेला आहे. ‘पावरोटी’तील ‘पाव’ पोर्तुगीजांनी दिला. व्यवहारात अशा शब्दांविषयी कोणी आक्षेप घेत नाही.

असे असताना बाळ सीताराम मर्ढेकर या कवीने हीच प्रक्रिया कवितेत केली, तेव्हा मराठी साहित्यविश्वात एवढी खळबळ का उडाली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. मर्ढेकरांच्या शब्दघडणीकडे कधी केवळ नावीन्याचा सोस म्हणून, तर कधी इंग्रजी शिक्षणाचा अपरिहार्य परिणाम म्हणून पाहिले गेले. ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. मर्ढेकरांचे घडवलेले शब्द त्यांच्या चरित्रातील निरनिराळ्या भाषिक थरांतून आलेले असून, सौंदर्यशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी मांडलेले लयतत्त्व त्या शब्दांत अतिशय लघुरूपाने वावरताना दिसते. ही भूमिका त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे येथे मांडावयाची आहे.

२. बालपण आणि शिक्षण : भाषेचे पहिले थर

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोसावी. सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे त्यांचे मूळ गाव आणि त्यावरून मर्ढेकर हे आडनाव रूढ झाले. वडील शिक्षक होते. बाळ मर्ढेकरांचे शालेय शिक्षण खानदेशात झाले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९२८ मध्ये पदवीधर झाले.

या पहिल्या कालखंडातील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. संतकाव्याशी आणि ओवी-अभंग-श्लोक या रचनाप्रकारांशी मर्ढेकरांचा परिचय हा त्या काळच्या मराठी घरात आणि शाळेत वाढलेल्या मुलाचा परिचय होता. तो अभ्यासाने मिळवलेला नसून कानाने झालेला होता. पुढे जेव्हा त्यांनी अभंगाच्या चौकटीत यंत्रयुगातील शब्द बसवले, तेव्हा ती चौकट त्यांना शोधावी लागली नाही. दुसरी गोष्ट संस्कृतची. त्या पिढीतील विद्यार्थ्याला विभक्तिरूपे पाठ असत आणि प्रार्थना-सुभाषिते जिभेवर असत. या पाठांतराचा त्यांनी पुढे किती वेगळा उपयोग केला, ते यथावकाश पाहू.

३. इंग्लंडमधील वास्तव्य

१९२९ मध्ये मर्ढेकर भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. त्या परीक्षेत त्यांना यश आले नाही. तथापि मराठी साहित्याच्या दृष्टीने हे अपयश फलदायी ठरले, असे म्हणावे लागेल. पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपीय वाङ्मयातील उलथापालथ, टी. एस. एलियटची कविता, जेम्स जॉइसचे कादंबरीलेखन आणि चित्र-संगीतादी कलांविषयीची नवी चर्चा यांचा त्यांना जवळून परिचय झाला. ‘आर्ट्स अँड मॅन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठीतील पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीच ते कलाविचाराकडे वळलेले होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ इंग्रजीचे अध्यापन केले आणि १९३८ च्या सुमारास नभोवाणीत प्रवेश केला. तीच त्यांची अखेरपर्यंतची नोकरी ठरली.

४. ‘शिशिरागम’ आणि भाषाशुद्धीचे वातावरण

‘शिशिरागम’ हा मर्ढेकरांचा पहिला काव्यसंग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. या संग्रहाचे नावच त्याची भाषा कोणत्या परंपरेतील आहे ते सांगते. ‘शिशिर’ आणि ‘आगम’ या दोन संस्कृत शब्दांचा नियमानुसार संधी झालेला हा समास आहे. बालकवी आणि रविकिरण मंडळ यांच्या काव्यसंस्कारांत वाढलेल्या तरुणाची ही कविता आहे. विरह, निसर्ग आणि हळवी खिन्नता हे तिचे विषय, आणि शब्दकळा बहुतांशी रूढ.

हा काळ भाषाशुद्धीच्या चळवळीचा होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे पर्यायी शब्द योजून परकीय शब्दांविरुद्ध मोहीम उघडली होती. आरंभी फारसीप्रचुर कविता लिहिणारे माधव जूलियन हेही या विचाराकडे वळले आणि १९३८ मध्ये त्यांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाला. ‘शिशिरागम’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, माधव जूलियन निवर्तले. नव्या शब्दाची घडण ही त्या वातावरणात शुद्धीची, म्हणजे परके काढून आपले घालण्याची कृती मानली जात होती. मर्ढेकरांनी पुढील आठ वर्षांत याच्या नेमके उलट केले. परक्या शब्दाला त्यांनी पर्याय शोधला नाही, तर त्याला मराठीचे प्रत्यय लावले.

५. नभोवाणी, महायुद्ध आणि महानगर

‘शिशिरागम’ आणि ‘काही कविता’ यांमधील आठ वर्षांत मर्ढेकरांच्या भाषेचा कायापालट झाला. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. १९३९ ते १९४५ या काळात दुसरे महायुद्ध झाले आणि त्याच्या वार्ता ज्या माध्यमातून घरोघर पोहोचत होत्या, त्याच माध्यमात मर्ढेकर नोकरीस होते. नभोवाणीत शब्दाला केवळ उच्चाराचे अस्तित्व असते. तो कागदावर पाहता येत नाही आणि मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. मर्ढेकरांनी नभोवाणीसाठी ‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’ आणि ‘बदकांचे गुपित’ या संगीतिका लिहिल्या. शब्दाचे वजन, त्याचा आघात आणि दोन शब्दांमधील शांतता यांची जाण या लेखनाने तीव्र झाली असावी.

याच काळात त्यांच्या कादंबऱ्या आल्या. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही मराठीतील संज्ञाप्रवाही कादंबरीची आरंभीची महत्त्वाची कृती होय. सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात मराठी, इंग्रजी आणि संस्कृत यांचे तुकडे एकत्र वाहत असतात, हे त्यांना तेथे उघडपणे मांडता आले. ‘तांबडी माती’ (१९४३) आणि ‘पाणी’ (१९४८) या कादंबऱ्यांनी हा प्रयोग पुढे नेला. मर्ढेकरांच्या कवितेतील मिश्र शब्दांची पूर्वतयारी या गद्यात झालेली दिसते.

तिसरे कारण मुंबई. गिरण्या, लोकलगाड्या, कचेऱ्या, गल्लीबोळ आणि दुकाने यांची मुंबई मर्ढेकरांच्या कवितेत आपल्या बोलीसह आली. या बोलीत शब्दघडण आधीच झालेली होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५४ मध्ये कल्याण आणि १८५६ मध्ये बदलापूरच्या बाजूने खोपोलीपर्यंत रेल्वे गेली, तेव्हा मार्गावरील लोकांनी इंग्रजी शब्द आपल्या जिभेला मानवतील असे वळवून घेतले. ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ झाला, ‘स्टेशन’चे ‘इष्टेशन’ झाले, ‘तिकीट’ तर परका शब्द असल्याचे कोणाच्या ध्यानातही उरले नाही. ‘फलाट’ हा शब्द विद्वानांनी घडवलेला नाही. तो हमाल, शेतकरी आणि भाजीविक्रेते यांनी घडवला. मर्ढेकरांनी त्याला ‘दादा’ हे नातेवाचक पद जोडून ‘फलाटदादा’ असे संबोधन केले. चंद्राला मामा म्हणणाऱ्या बालगीतांची आणि नदीला माय म्हणणाऱ्या लोकगीतांची ही रीत आहे. फरक एवढाच की, नाते जोडले आहे ते दगडमातीच्या फलाटाशी. लोकांनी केलेले अर्धे काम कवीने पूर्ण केले, असे या शब्दाविषयी म्हणता येईल.

६. ‘काही कविता’ : शब्दघडणीचे तीन प्रकार

‘काही कविता’ १९४७ मध्ये आणि ‘आणखी काही कविता’ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यापूर्वी पिपातील उंदरांची प्रसिद्ध कविता १९४६ मध्ये ‘अभिरुची’ मासिकात आली आणि दुर्बोधतेच्या वादाला तोंड फुटले. या कवितेत अनोळखी शब्द फारसे नाहीत, ही गोष्ट मार्मिक आहे. तिची दुर्बोधता वाक्यरचनेत आहे. विशेषण आपल्या विशेष्यापासून दूर नेऊन भलत्याच नामाशेजारी बसवल्याने वाचक क्षणभर अडखळतो. शब्दांच्या घडणीत मर्ढेकरांनी जे केले त्याचेच हे वाक्यपातळीवरील रूप होय. या शब्दघडणीचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार नामधातूंचा. ‘पंक्चरली’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. बोलताना आपण सायकलची चाके पंक्चर झाली असे म्हणतो, म्हणजे परक्या नामाला ‘होणे’ या साहाय्यक क्रियापदाचा आधार देतो. मर्ढेकरांनी तो आधार काढून घेतला आणि नामालाच थेट भूतकाळाचा स्त्रीलिंगी प्रत्यय लावला. यात मराठीच्या व्याकरणाचा भंग नाही. ‘फळ’पासून ‘फळणे’, ‘राग’पासून ‘रागावणे’, ‘संताप’पासून ‘संतापणे’, ‘लाथ’पासून ‘लाथाडणे’ ही रूपे याच मार्गाने झालेली आहेत, आणि प्राचीन मराठी काव्यात नामधातूंचा वापर आजच्यापेक्षा कितीतरी मोकळा होता. मर्ढेकरांनी जुनाच मार्ग नव्या शब्दासाठी उघडला. परिणाम मात्र सर्वस्वी नवा झाला. शतकानुशतकांच्या काव्यसंकेतांनी भारलेली रात्र आणि सायकलच्या दुकानातील शब्द हे एकाच क्रियापदात समोरासमोर आले. दिव्यांनी अंधाराला पाडलेली छिद्रे ही प्रतिमा डोळ्यांना पटते, आणि त्याच वेळी रात्रीतील सारी हवा निघून गेल्याची जाणीवही होते. ‘भेदली’ किंवा ‘छिद्रित झाली’ या पर्यायांनी पहिला अर्थ आला असता, दुसरा हरवला असता.

दुसरा प्रकार संस्कृत विभक्ती आणि इंग्रजी प्रकृती यांच्या संकराचा. सर्वांच्या सुखाची आणि निरामयतेची कामना करणाऱ्या प्राचीन संस्कृत प्रार्थनेच्या साच्यात मर्ढेकरांनी ‘रुटिनाः’ असे रूप बसवले. इंग्रजी ‘रूटीन’ हा शब्द येथे अकारान्त पुल्लिंगी मानून त्याचे प्रथमेचे अनेकवचन केले आहे. याच साच्यात ‘निरामय’ या शब्दातील एका अक्षराचा पालट करून त्यांनी ‘निराशय’ असा शब्द साधला. त्यात आशयशून्यता आहे आणि निराशेचा ध्वनीही आहे. ‘दुःखलॉग’ हा समास तर त्यांच्या नोकरीच्या जगातून आलेला दिसतो. नभोवाणी केंद्रावर प्रत्येक प्रसारणाची आणि बिघाडाची नोंद ‘लॉग’ नावाच्या वहीत करावी लागते. दुःखाचीही अशीच कारकुनी नोंद व्हावी, हा विचार त्या एका समासाने व्यक्त होतो. शाळेतील पाठांतर आणि कचेरीतील वही, हे चरित्रातील दोन दूरचे बिंदू येथे एका पदात मिळाले आहेत.

तिसरा प्रकार रूढ शब्दाच्या स्थानांतराचा. येथे शब्द नवा नसतो, त्याचा शेजार नवा असतो. अभंगाच्या चरणात, साधकाच्या दिनक्रमाच्या उपदेशपर सुरात, चहा-कॉफीसारखे शब्द येतात. संतांच्या छंदाने उभी केलेली अपेक्षा आणि शब्दाने सांगितलेली वस्तुस्थिती यांत अंतर पडते. मर्ढेकरांचा उपहास संतांचा नाही, हे येथे विसरता कामा नये. संतांनी ज्या साच्यात मोक्षाची वार्ता सांगितली, त्या साच्यात घालण्यासाठी आपल्यापाशी काय उरले आहे, हा त्यांचा प्रश्न आहे.

७. लयतत्त्व आणि शब्द

कवी मर्ढेकर आणि सौंदर्यशास्त्रज्ञ मर्ढेकर यांचा संबंध हा समीक्षेतील जुना प्रश्न आहे. ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांतून त्यांनी आपला विचार मांडला. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांतील लयबद्ध संबंधांत असते आणि ही लय संवाद, विरोध व समतोल या तीन तत्त्वांनी सिद्ध होते, असा त्याचा सारांश सांगता येईल. साहित्याचे माध्यम नुसता शब्दध्वनी नसून शब्दांचे भावनात्मक अर्थ होत, असेही त्यांचे प्रतिपादन होते.

येथे एक अडचण उभी राहते. शब्दाचे बाह्यरूप गौण असेल, तर शब्द मोडून नवा घडवण्याचे प्रयोजन काय? ‘पंक्चरली’सारख्या रूपाकडे पाहिल्यास तिचे निराकरण होते. या शब्दाची प्रकृती आणि त्याचा रात्रीशी आलेला संबंध यांत विरोध आहे. त्याचा प्रत्यय मात्र मराठीचा असून लिंगवचनाने तो ‘रात्र’ या शब्दाशी जुळतो. येथे संवाद आहे. आणि छंदाच्या चौकटीत शब्द अचूक बसल्याने समतोल साधतो. म्हणजे संपूर्ण कवितेविषयी मर्ढेकरांनी जी तीन तत्त्वे सांगितली, ती एका शब्दाच्या उदरातही कार्य करतात. नवा शब्द येथे दोन भावनात्मक अर्थांना एकत्र कोंडण्याचे साधन ठरतो. कवीने सिद्धान्त पुढे ठेवून शब्द घडवले, असा याचा अर्थ नाही. एकाच प्रतिभेची ही दोन फळे आहेत, एवढेच सुचवावयाचे आहे.

आणखी एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. समीक्षेसाठी मर्ढेकरांनी जे शब्द घडवले ते सर्व संस्कृतनिष्ठ आहेत. ‘भावनानिष्ठ समतानता’ किंवा ‘वाङ्मयीन महात्मता’ यांत इंग्रजीचा मागमूस नाही. विचारासाठी त्यांना एकसंध परिभाषा हवी होती, तर अनुभवासाठी दुभंगलेली भाषा. हा भेद हेतुपूर्वक केलेला असल्याने, मराठी शब्द न सुचल्यामुळे त्यांनी इंग्रजी शब्द वापरले, हा आक्षेप टिकत नाही.

८. आफ्रिकी कवितेतील समांतर उदाहरणे

वासाहतिक अनुभवातून गेलेल्या इतर भाषिक प्रदेशांतही या प्रश्नाची रूपे दिसतात. मर्ढेकर लंडनला गेले त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ मध्ये, सेनेगलचे कवी लेओपोल्ड सेंघोर शिक्षणासाठी पॅरिसला पोहोचले. तेथे त्यांचे मित्र, मार्टिनिक बेटावरील कवी एमे सेझेर यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘निग्रित्यूद’ हा शब्द घडवला. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द त्यांनी प्रकृती म्हणून घेतला आणि त्याला भाववाचक नामाचा प्रतिष्ठित लॅटिन वळणाचा प्रत्यय लावला. अवमान आणि गौरव यांचा विरोध एका शब्दात कोंडण्याची ही युक्ती मर्ढेकरांच्या रीतीशी जवळची आहे. सेंघोर यांनी फ्रेंच कवितेत कोरा, बालाफाँग अशी आफ्रिकी वाद्यांची नावे आणली. युगांडाचे ओकोट प’बिटेक यांच्या ‘साँग ऑफ लाविनो’ (१९६६) या दीर्घकाव्यात ख्रिस्ती नावे अचोली उच्चाराने इतकी बदलतात की ती ओळखूही येऊ नयेत. ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ करणाऱ्या जिभेचेच हे काम आहे, फक्त तेथे ते उपहासाचे शस्त्र झाले आहे.

दिशेचा फरक मात्र महत्त्वाचा आहे. सेंघोर यांना राज्यकर्त्यांच्या भाषेत आपला आवाज उमटवायचा होता. मर्ढेकरांनी आपलीच भाषा निवडली आणि राज्यकर्त्यांच्या शब्दांना तिचे व्याकरण पाळायला लावले. पहिल्या उदाहरणात कवी परक्या घरात शिरतो, दुसऱ्यात परका शब्द कवीच्या घरात येऊन राहतो.

९. खटला आणि अखेरची वर्षे

या शब्दकळेची किंमत मर्ढेकरांना मोजावी लागली. ‘काही कविता’तील काही रचना अश्लील असल्याच्या आरोपावरून १९४८ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. ते स्वतः सरकारी नोकरीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात येते. कवितेतील शब्द कोणत्या संदर्भात अर्थ देतो, हा सौंदर्यशास्त्रीय प्रश्न आता न्यायालयात निकालासाठी आला होता. सुटा काढलेला शब्द आणि रचनेत बसलेला शब्द एक नव्हेत, हा तर त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचा गाभा. या खटल्यातून ते निर्दोष सुटले. त्यानंतर ‘आणखी काही कविता’ प्रसिद्ध झाल्या आणि त्यांत शब्दांचे धाडस कमी झाले नाही.

नोकरीनिमित्त मुंबईबाहेरही त्यांना राहावे लागले. २० मार्च १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सेहेचाळीस वर्षांचे होते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिन्ही संग्रहांतील कविता ‘मर्ढेकरांची कविता’ या नावाने १९५९ मध्ये एकत्र आल्या. विजया राजाध्यक्ष यांचा ‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’ हा बृहद्ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या कवितेच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला.

१०. समारोप

मर्ढेकरांनी घडवलेले काव्यगत शब्द व्यवहारात रुळले नाहीत. चाके आजही पंक्चर होतात, पंक्चरत नाहीत. उलट त्यांची संस्कृतनिष्ठ समीक्षापरिभाषा मराठीच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. यावरून काव्यातील प्रयोग फसला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परिभाषेतील शब्द पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी असतो, तर कवितेतील असा शब्द त्या एका जागेसाठी घडलेला असतो आणि तेथेच तो पूर्ण होतो. नंतरच्या कवींनी त्यांच्या शब्दांऐवजी त्यांनी मिळवलेली मोकळीक घेतली. अरुण कोलटकर यांच्या कवितेतील मुंबईची मिश्र बोली किंवा नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहातील शब्दांची धग या गोष्टी मर्ढेकरांच्या अनुकरणातून आलेल्या नाहीत. पण मराठी कवितेत कोणता शब्द येऊ शकतो, याची सीमा मर्ढेकरांनी आधीच हलवली होती.

या दृष्टीने एक काम करण्याजोगे आहे. मर्ढेकरांच्या समग्र कवितेची शब्दसूची तयार करून तीत प्रत्येक मिश्र रूपाची प्रकृती, प्रत्यय, छंद आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष नोंदवले गेले पाहिजे. अशी सूची सिद्ध झाल्यास, ‘शिशिरागम’नंतर ही घडण नेमकी केव्हा सुरू झाली, कोणत्या छंदांत ती अधिक आढळते आणि तिचे प्रमाण दोन्ही उत्तरकालीन संग्रहांत कसे बदलत गेले, हे निश्चितपणे सांगता येईल. तिच्याशेजारी ‘फलाट’, ‘इष्टेशन’ यांसारख्या लोकघडणीच्या शब्दांची आणि बदलापूरसारख्या ग्रामनामांची सूची ठेवली, तर कवीने मराठीच्या प्रकृतीविरुद्ध काही केले की तिच्यातीलच एक जुनी प्रवृत्ती जाणीवपूर्वक वापरली, या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी देता येईल. प्रस्तुत लेखकाचा कौल दुसऱ्या पक्षाला आहे.